डेबियनवर बंदिस्त सॉफ्टवेअर घ्यायचेच असेल तर: किती, कोठून आणि कोणाच्या हाताने

२०२३ च्या जूनपूर्वी नव्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सची मुक्त प्रणाली बसवायला घेतली की बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच गाडी अडत असे. वायफायच्या चिपला लागणारे फर्मवेअर (यंत्राच्या एखाद्या भागाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरजवळ नसे. ते इंटरनेटवरून आणावे तर वायफायच बंद, आणि हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपला नेटवर्कची तार जोडायला जागाही नसे. दुसऱ्या संगणकावरून फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या, असे इन्स्टॉलर सांगे. फर्मवेअरसह तयार केलेले इन्स्टॉलर डेबियनच्याच सर्व्हरवर होते, पण ‘अनधिकृत’ असा शिक्का मारून कोपऱ्यात ठेवलेले. जाणकाराला ते सापडत, नवख्याला सापडत नसत.

१० जून २०२३ रोजी डेबियन १२ प्रसिद्ध झाली आणि हे चित्र उलटले. आता इन्स्टॉलर यंत्र तपासतो, लागेल ते बंदिस्त फर्मवेअर स्वतःच बसवतो आणि पुढे जातो. सोय झाली, पण आपल्या ‘मुक्त’ प्रणालीत बंदिस्त काय शिरले आहे, याचा पत्ता आता पुष्कळांना लागत नाही. पुढील मार्गदर्शन अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना हे पाहून घ्यायचे आहे, गरजेपुरते ठेवायचे आहे आणि उरलेल्याची वाट बंद करायची आहे. प्रकल्पाने बंदिस्त सॉफ्टवेअरचा दरवाजा ठेवावा, मात्र त्यावर ठळक पाटी असावी आणि तो वापरकर्त्याच्या हाताने उघडावा, असे माझे मत आहे. खालच्या कृती त्याच मताने लिहिल्या आहेत.

आधी विभाग ओळखावेत

इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने जो घोळ होतो, तो मराठीत व्हायचे कारण नाही, कारण आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. तरीही तो होतो. वायफायचे फर्मवेअर फुकट मिळते, पण त्याचा स्रोत (मूळ कोड) पाहता येत नाही आणि ते बदलता येत नाही. म्हणून ते बंदिस्त.

डेबियनची पॅकेजे (बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे) चार विभागांत ठेवलेली असतात. ‘मेन’ विभागात १९९७ मध्ये स्वीकारलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांत बसणारीच पॅकेजे येतात, आणि डेबियन म्हणजे फक्त हा विभाग, अशी प्रकल्पाची अधिकृत भूमिका आहे. ‘कॉन्ट्रिब’मधील पॅकेज स्वतः मुक्त असते, पण बाहेरच्या बंदिस्त गोष्टीवाचून त्याचे चालत नाही. मायक्रोसॉफ्टचे एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे फॉन्ट आणून देणारे पॅकेज येथे आहे. त्यात फॉन्ट नसतात, फॉन्ट दुसरीकडून उतरवून घेणारी छोटी स्क्रिप्ट असते. ‘नॉन-फ्री’मध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर आणि आरएआर फाइली उलगडणारा अनरार यांसारखे कार्यक्रम आहेत. चौथा ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग डेबियन १२ पासून निराळा काढला. तोवर फर्मवेअर ‘नॉन-फ्री’तच असे, आणि एका वायफाय चिपसाठी तो संपूर्ण विभाग उघडावा लागे.

‘नॉन-फ्री’ ही शिवी समजू नये. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ ज्या ग्नू प्रकल्पातून उभी राहिली, त्याच्याच जीसीसी या कंपायलरची माहितीपुस्तिका डेबियनच्या या विभागात आहे. पुस्तिकेच्या परवान्यात काही भाग बदलता येणार नाहीत अशी अट आहे, आणि अशी अट असलेला मजकूर मुक्त धरायचा नाही, असे डेबियनच्या सदस्यांनी २००६ मध्ये मतदानाने ठरवले. निकष घरच्यांनाही लावले जातात, याचा मला तरी आनंदच आहे.

वाद नेमका कशाचा आहे

‘वापरकर्त्याला बंदिस्त कार्यक्रम बसवू द्यावेत का’ हा प्रश्न मुळात नीट मांडलेला नाही. मुक्त प्रणाली कोणालाही काहीही बसवण्यापासून अडवू शकत नाही. तिने कुलूप घातले तरी स्रोत खुला असल्यामुळे कोणीही ते काढून टाकू शकतो. खरा प्रश्न असा, की प्रकल्पाने आपला सर्व्हर, आपला इन्स्टॉलर आणि आपले नाव त्यासाठी वापरू द्यावे का.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. या संस्थेने १९९४-९५ मध्ये वर्षभर डेबियनला आर्थिक आधार दिला होता, तरी आज तिच्या शिफारशीच्या यादीत डेबियन नाही. प्रकल्प स्वतःच बंदिस्त पॅकेजे पुरवू लागला की ती घेण्यात वावगे काही नाही असा अर्थ निघतो, हा तिचा आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. यादीत ट्रिस्केल, प्युअरओएस, गिक्स अशा प्रणाली आहेत. ट्रिस्केल आणि गिक्स यांत लिनक्स-लिब्रे नावाचे गाळलेले कर्नल (प्रणालीचा गाभा) असते: त्यातून बंदिस्त तुकडे काढलेले असतातच, शिवाय ‘अमुक नावाची फाइल सापडली नाही’ ही सूचनाही काढलेली असते, कारण ती सूचना म्हणजे बंदिस्त फाइलची शिफारस ठरेल. येथे मात्र मला पटत नाही. फाइल देऊ नये हे समजते. पण तिचे नावच दडवले तर यंत्र का चालत नाही हे मालकाला कळायचे कसे? परिणाम असा होतो, की गिक्सच्या वापरकर्त्यांसाठी नॉनगिक्स नावाची वाहिनी बाहेरची मंडळी चालवतात आणि प्रकल्पाच्या अधिकृत माध्यमांत तिचा प्रचार करू नका, असे तेच सांगतात. दरवाजा आहेच, फक्त त्यावर पाटी नाही.

डेबियनच्या सामाजिक कराराचे (प्रकल्पाच्या जाहीर वचननाम्याचे) चौथे कलम वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोहोंना अग्रक्रम देते. सगळी ओढाताण त्या ‘आणि’मध्ये आहे. २००४ मध्ये ‘नॉन-फ्री’ विभाग बंद करावा असा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. २०२२ च्या मतदानात फर्मवेअरचा प्रश्न सुटला: करार बदलायला तीनास एक इतके मताधिक्य लागते, ते मिळाले आणि पाचव्या कलमात अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर ठेवण्याची मुभा आली. त्या चर्चेतील एक मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटला. दृष्टिहीन व्यक्ती इन्स्टॉलर कानाने ऐकून चालवते. ध्वनीच्या चिपला फर्मवेअर मिळाले नाही तर इन्स्टॉलर मुका होतो, आणि पेनड्राइव्ह लावा ही सूचना तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तत्त्वाची किंमत अशा वेळी तत्त्व मांडणारा मोजत नाही.

त्याच ठरावात दोन अटी होत्या: कोणते फर्मवेअर चढवले हे वापरकर्त्याला सांगावे व बसवलेल्या प्रणालीत नोंदून ठेवावे, आणि शक्य तेथे ते नाकारण्याची सोय द्यावी. पुढच्या कृती या दोन अटींच्या आधारावर उभ्या आहेत.

बसवताना

यंत्राला बंदिस्त फर्मवेअर खरोखर किती लागते हे पाहायचे असेल, तर पहिल्यांदा ते नाकारून बसवावे. इन्स्टॉलरच्या पहिल्या मेनूत हवी ती ओळ निवडून जुन्या बायोस यंत्रावर टॅब आणि यूईएफआय यंत्रावर ई ही कळ दाबावी. कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘फर्मवेअर’, बरोबरचे चिन्ह आणि ‘नेव्हर’ हे इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावे. टॅबने उघडलेली ओळ एंटरने आणि ईने उघडलेली एफ-१० ने पुढे जाते. वायफाय चालणार नाही अशी दाट शक्यता असल्याने हाताशी तार ठेवावी, किंवा फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे.

नेहमीच्या पद्धतीने आधीच बसवून झाले असेल, तरी काही बिघडलेले नाही. ‘व्हार’ फोल्डरातील ‘लॉग’ आणि त्यातील ‘इन्स्टॉलर’ या फोल्डरात ‘फर्मवेअर-समरी’ नावाची फाइल पाहावी. इन्स्टॉलरने कोणती फर्मवेअर पॅकेजे घेतली, याची नोंद तिच्यात असते. दोन मिनिटांचे हे वाचन फारसे कोणी करत नाही.

यंत्राच्या भागांबद्दल एकेक निर्णय

फर्मवेअर नाकारून बसवलेली प्रणाली सुरू झाली, की टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘डी-मेसेज’ ही आज्ञा चालवावी आणि आलेल्या मजकुरात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा. कोणत्या ड्रायव्हरने कोणती फाइल मागितली आणि ती मिळाली नाही, हे तेथे नावानिशी दिसते. त्या यादीवरून एकेका भागाचा निर्णय घ्यावा.

वायफायबद्दल पर्याय मर्यादित आहेत. इंटेल आणि रिअलटेकच्या चालू चिपांना बंदिस्त फर्मवेअर लागतेच. अथेरॉसच्या जुन्या एटीएच-९-के जातीच्या कार्डांना फर्मवेअर बाहेरून चढवावे लागत नाही, आणि त्याच कुळातील यूएसबी अडॅप्टरांचे फर्मवेअर २०१३ मध्ये मुक्त झाले असून ते ‘मेन’मध्ये आहे. असा अडॅप्टर मिळाला तर जरूर घ्यावा, पण तो वायफायच्या जुन्या पिढीचा आहे आणि वेग बेताचा मिळतो, हे ध्यानात ठेवून घ्यावा.

ध्वनीचा प्रकार अधिक विचित्र आहे. इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपांना लागणाऱ्या साउंड ओपन फर्मवेअरचा स्रोत खुला आहे, कोणीही वाचावा; पण पुष्कळ यंत्रांवरील चिप इंटेलची डिजिटल सही असलेलीच प्रत स्वीकारते. स्रोत बदलला तरी बदललेली प्रत चालणार नाही, म्हणून हे पॅकेज ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’मध्ये आहे. स्रोत दिसणे म्हणजे मुक्त असणे नव्हे, हे ज्यांना पटत नाही त्यांना मी हेच उदाहरण देतो.

प्रोसेसरच्या मायक्रोकोडबाबत (त्याच्या आत चालणाऱ्या फर्मवेअरबाबत) मी वाचकाला स्पष्टपणे ‘घ्यावे’ असे सांगेन. प्रोसेसरमध्ये मायक्रोकोड कारखान्यातूनच आलेला असतो. अद्ययावत प्रत नाकारली तर यंत्र अधिक मुक्त होत नाही, त्याच मालकाची जुनी आणि सदोष प्रत चालू राहते. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे दोष उघड झाले, तेव्हा स्पेक्टरवरील काही उपाय नव्या मायक्रोकोडशिवाय लागूच होत नव्हते.

ग्राफिक्सच्या बाबतीत फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांतला भेद पाळावा. एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर मुक्त आहे, फक्त फर्मवेअर बंदिस्त. एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर मात्र ‘नॉन-फ्री’मध्ये आहे, २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने कर्नलमधला भाग खुला केला, तरी वरचा मोठा भाग बंदच राहिला. बंदिस्त भाग कर्नलमध्ये शिरला की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ अशी खूण करून ठेवते, आणि कर्नलचे विकासक अशा यंत्रावरील दोषाच्या तक्रारी सहसा पाहत नाहीत. शिवाय कर्नल बदलले की हा भाग पुन्हा बांधला जातो आणि सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर त्यावर आपली सहीही लागते. कार्यालयीन कामासाठी आणि चित्रपट पाहण्यासाठी एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा ‘मेन’मधील मुक्त नूव्हो ड्रायव्हर आधी आठवडाभर वापरून पाहावा. त्रिमित नकाशे, मोठे खेळ किंवा यंत्रशिक्षण हे काम असेल, तर बंदिस्त ड्रायव्हर जाणूनबुजून घ्यावा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये.

मुद्रकांत नव्या यंत्रांचा प्रश्न बराच सुटला आहे, कारण ती ड्रायव्हरशिवाय छापणाऱ्या आयपीपी पद्धतीने चालतात. म्हणून कंपनीचे सॉफ्टवेअर उतरवण्याआधी प्रणालीच्या सेटिंगमधून मुद्रक जोडून पाहावा. अडचण येते ती आपल्याकडच्या दुकानांत आणि कार्यालयांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या मुद्रकांची. एचपी लेझरजेट १०२० ला मुक्त ड्रायव्हर आहे, पण मुद्रक दर वेळी सुरू केला की त्याच्या पोटात बंदिस्त फर्मवेअर चढवावे लागते. कॅननच्या एलबीपी २९०० ची भाषाच कंपनीने उघड केलेली नाही. तेथे कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर किंवा लोकांनी ती भाषा उलगडून लिहिलेला कॅप्टड्रायव्हर, असे दोनच मार्ग आहेत.

विभाग उघडावा, पण एका पॅकेजापुरता

यंत्राचा निर्णय झाला, की ‘एटीसी’ आणि त्यातील ‘एपीटी’ या फोल्डरातील सोर्सेसची फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी. प्रत्येक स्रोताच्या (येथे अर्थ पॅकेजे जेथून येतात तो सर्व्हर) ओळीत विभागांची नावे एकामागोमाग लिहिलेली असतात. फर्मवेअर हवे असेल तर ‘मेन’ आणि ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ एवढीच ठेवावीत. इंटरनेटवरील पुष्कळ सूचनांत चारही विभाग सरसकट घालायला सांगतात; ते करू नये.

एखादे पॅकेज ‘नॉन-फ्री’मधून घ्यावेच लागले, तर विभाग घालून लगेच पिनिंगने (कोणते पॅकेज कोठून घ्यायचे याच्या नियमांनी) बंद करावा. ‘एटीसी’मधील ‘एपीटी’ फोल्डरात ‘प्रेफरन्सेस डॉट डी’ नावाचे फोल्डर असते. त्यात नवी फाइल करून तीन ओळींचे दोन परिच्छेद लिहावेत, मध्ये एक ओळ रिकामी सोडावी. पहिल्या परिच्छेदात ‘पॅकेज’पुढे तारांकन, ‘पिन’पुढे ‘रिलीझ’ आणि विभागाचे निदर्शक ‘सी’ हे अक्षर वापरून ‘नॉन-फ्री’चे नाव, आणि ‘पिन-प्रायॉरिटी’पुढे उणे एक. उणे अग्रक्रम असलेले काहीही एपीटी (डेबियनचे पॅकेजे बसवणारे साधन) बसवत नाही. दुसऱ्या परिच्छेदात हव्या त्या पॅकेजाचे नाव, तीच पिन आणि अग्रक्रम ५००. नाव घेऊन लिहिलेला नियम सरसकट नियमावर मात करतो, त्यामुळे तेवढे एकच पॅकेज येते आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्याही येत राहतात. त्याला लागणारी दुसरी बंदिस्त पॅकेजे असतील तर तीही नावे घालावी लागतात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी हे काम किचकट होते, अनरारसाठी क्षणाचे आहे. अर्थात अनरारची गरज बहुधा पडतच नाही, कारण ‘मेन’मधील युनार पुष्कळशा आरएआर फाइली उलगडते.

‘नॉन-फ्री’ आणि ‘कॉन्ट्रिब’ या विभागांना डेबियनच्या सुरक्षा पथकाचे अधिकृत पाठबळ नाही. स्रोतच हाती नसेल तर दोष दुरुस्त करणार कोण?

विभागांच्या बाहेरून येणारे

चार विभागांवर एवढे लक्ष ठेवूनही बंदिस्त सॉफ्टवेअर बहुतेकदा तिसऱ्याच वाटेने येते. काही बंदिस्त ब्राउझरांची डेब फाइल (सुटे मिळणारे डेबियन पॅकेज) बसवली, की ती आपल्या कंपनीचा स्रोत आणि त्याची किल्ली गुपचूप एपीटीत घालते. माझ्याच संगणकावर असा एक स्रोत ब्राउझर काढून टाकल्यावरही दोन वर्षे पडून होता. म्हणून ‘सोर्सेस लिस्ट डॉट डी’ हे फोल्डर अधूनमधून उघडून पाहावे आणि ओळख न पटणारी फाइल हटवावी.

फ्लॅटहब (फ्लॅटपॅक प्रकारच्या कार्यक्रमांचे ऑनलाइन भांडार) वापरणाऱ्यांना एक सोय फारशी माहीत नसते: फ्लॅटपॅकमध्ये हा स्रोत जोडतानाच ‘फ्लॉस’ नावाचा उपसंच निवडला, तर फक्त मुक्त परवान्याचे कार्यक्रम दिसतात. ग्नोम या डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअर केंद्रात प्रत्येक कार्यक्रमाच्या पानावर परवान्याची चौकट असते. बसवण्याआधी तिच्याकडे पाहावे.

सनदी लेखापाल, वकील आणि सरकारी निविदा भरणारे ठेकेदार यांची गोष्ट वेगळी आहे, कारण डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन त्यांनी हौसेने घेतलेले नसते. ‘मेन’मधील ओपनएससी हा मुक्त संच काही टोकनांना चालतो, आधी तो करून पाहावा. न चालल्यास विक्रेत्याचा बंदिस्त ड्रायव्हर मुख्य प्रणालीवर न बसवता क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात बसवावा आणि टोकन तेवढ्यापुरते त्या यंत्राला जोडावे. स्वाक्षरीचे काम संपले की आभासी यंत्र बंद करावे. ड्रायव्हर त्याच्याबरोबर झोपतो.

मराठी वाचण्या-लिहिण्यासाठी मात्र बंदिस्त काहीही लागत नाही. लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक ‘मेन’मध्येच आहेत. जुन्या डीटीपी फॉन्टांत टंकलेला मजकूर उघडायचा असेल, तर तो फॉन्ट कोठून तरी मिळवण्यापेक्षा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

मोजदाद आणि पुढची खरेदी

‘चेक-डीएफएसजी-स्टेटस’ नावाचे छोटे पॅकेज ‘मेन’मध्ये आहे. ते चालवले की यंत्रावरील बंदिस्त पॅकेजांची यादी येते. पूर्वी त्याचे नाव ‘व्हीआरएमएस’ होते, म्हणजे आभासी रिचर्ड एम. स्टॉलमन (मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते); नाव बदलले, टोचणी तीच राहिली. टर्मिनल नको असेल त्यांनी सिनॅप्टिक या पॅकेजे हाताळणाऱ्या कार्यक्रमात ‘ओरिजिन’ हे बटण दाबावे. कोणते पॅकेज कोणत्या विभागातून आले ते डाव्या बाजूला दिसते, आणि जोडलेल्या कोणत्याही स्रोतात नसलेली पॅकेजे ‘लोकल’ या नावाखाली वेगळी दिसतात. त्या यादीतील पहिले नाव पाहून ‘हे मी कधी बसवले?’ असा प्रश्न पडला, तर ते पॅकेज काढून पाहावे. काही थांबले तर परत बसवता येते.

पुढचा लॅपटॉप घेताना दुकानात ट्रिस्केलची लाइव्ह पेनड्राइव्ह (प्रणाली न बसवता तिच्यावरूनच चालवणारी) सोबत न्यावी. सिक्युअर बूट काही वेळ बंद करावे लागू शकते, म्हणून दुकानदाराची परवानगी आधी घ्यावी. लिनक्स-लिब्रे कर्नल बंदिस्त फर्मवेअर चढवतच नसल्यामुळे वायफाय, ध्वनी, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणे आणि झाकण मिटून पुन्हा उघडणे या चार गोष्टी त्यावर चालतात की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाच मिनिटांत कळते. जे चालत नाही तेवढ्यासाठीच घरी आल्यावर दरवाजा उघडावा लागेल.